टपावर काय चढवायचं? बैलाच्या पालाणापासून सोलर पॅनलपर्यंत



मागच्या पंधरवड्यात टोमॅटोच्या रोपांची नोंद टाकली होती. त्या फोटोत मागं आमची बोलेरो उभी होती आणि तिच्या टपावरचं सोलर पॅनल थोडं दिसत होतं. रोपांबद्दल चार फोन आले, पॅनलबद्दल त्याच्या चौपट. कितीला पडलं, किती वॅटचं, लाईटबार का नाही लावला, कॅरिअर कुठं बनवलं. आज त्याच्यावरच लिहितो. पण नुसता हिशोब दहा ओळींत संपेल, आणि ही कॅरिअरची गोष्ट जुनी आहे. ती मागून धरली म्हणजे आपण टपावर काय ठेवलं आणि काय ठेवलं नाही, हे नीट सांगता येईल. लांबण लागणार आहे, तेव्हा दुपारच्या जेवणानंतर वाचा.

आपला जुन्नर तालुका म्हणजे ओझी वाहण्याचा तालुका. नाणेघाट आपल्याच हद्दीत. सातवाहनांच्या काळात, म्हणजे दोन हजार वर्षांमागं, कल्याण-सोपाऱ्याकडून वर देशावर येणारा माल याच घाटानं चढायचा. घाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे, जकात त्यात टाकायचे असं सांगतात. शेजारच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, त्यात यज्ञात दिलेल्या गाई, घोडे, हत्ती यांची मोजदाद आहे. सहलीला आलेली पोरं रांजणाबरोबर फोटो काढतात आणि जातात. मी मात्र तिथं गेलो की त्या दगडी पायऱ्या बघतो. त्या पायऱ्यांवरून भरलेलं जनावर चढायचं, तर ओझं बांधणारा माणूस किती जाणता असला पाहिजे!

पुढं शेकडो वर्षं हे काम बंजारा-वंजारी तांड्यांनी केलं. मीठ, धान्य, गूळ सगळं बैलाच्या पाठीवर. मोगलांच्या फौजा दक्षिणेत उतरल्या तेव्हा त्यांचा दाणागोटाही असल्याच तांड्यांनी वाहिला. पाठीवर ओझं लादायची रीत ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवेल. आधी पालाण, म्हणजे पाठीच्या कण्याला मोकळं सोडणारी जाड गादी. तिच्यावर गोण अशी टाकायची की दोन्ही बाजूंना सारखं वजन लोंबेल. मधे, कण्याच्या वर, जड काही नाही. एक बाजू पायलीभर जड झाली तरी बैल दोन कोसांत खांदा तिरपा करतो, पालाण सरकतं आणि पाठ सोलून निघते. म्हणजे ओझं खाली हवं, दोन्ही अंगाला सारखं हवं आणि हलता कामा नये. इंजिनीअरिंग कॉलेज नव्हतं तेव्हाचं हे शहाणपण आहे.

आपल्याकडं बकऱ्या बसवायला येणारे धनगर अजून तेच करतात. दिवाळी झाली की त्यांचे वाडे घाटाखाली कोकणात उतरतात, पावसाच्या तोंडावर परत वर येतात. घोड्यावर सगळा संसार: पाल, भांडी, पीठ, वर चार कोंबड्या आणि चालता न येणारी कोकरं. गेल्या काही वर्षांत त्यात एक जिन्नस वाढला आहे, तो म्हणजे वहीएवढं सोलर पॅनल. घोड्याच्या पाठीवरच्या बोचक्याला बांधलेलं, उन्हाकडं तोंड केलेलं, खाली मोबाईल लावलेला. कुणी त्याचा व्हिडिओ काढत नाही. पण चालत्या वाहनाच्या पाठीवर सोलर ही कल्पना ज्यांना आज परदेशी वाटते, त्यांनी एकदा वाड्यावर जाऊन बघून यावं.

आता मोटारीकडं येऊ.

1 जून 1948 ला पहिली एसटी पुण्याहून नगरला गेली. तिच्यामागून जी लाल गाडी गावोगाव आली, तिच्या मागच्या अंगाला लोखंडी शिडी आणि वर टपाला कठडा असायचा. हेच आपल्या लोकांनी पाहिलेलं पहिलं मोठं कॅरिअर. सायकल, पाट्या, डालग्यातल्या कोंबड्या, लग्नाचं रुखवत, शहरात शिकणाऱ्या पोराचं धान्याचं पोतं, सगळं वर. हमाल शिडीनं चढायचा आणि कंडक्टर खालून ओरडायचा. नारायणगाव तर तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे यात्रावाले सुपारी द्यायला येतात. त्या फडांचे ट्रक भरताना बघणं हे एक शिक्षण आहे. स्टेजचे खांब कुठं, कनात कुठं, पेट्या कुठं, जनरेटर कुठं, सगळं ठरलेलं. जनरेटर कधी वर चढत नाही.

जीपची कथा वेगळी, आणि ती आपल्याला, म्हणजे शेतकऱ्यांना, जवळची आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज कंपनीनं आणि फोर्डनं लाखो जीपा बनवल्या. युद्ध संपता संपता, 1945 ला, विलीजनं तीच गाडी सामान्य माणसासाठी काढली आणि जाहिरात केली ती शेतकऱ्याची गाडी म्हणून! मागं पीटीओ, नांगर ओढायला हुक, आणि रविवारी बायकापोरांना घेऊन गावात जायची सोय. ट्रॅक्टर, टेम्पो आणि मोटार एकाच पैशात. इंग्लंडात मॉरिस विल्क्स नावाचा रोव्हर कंपनीचा इंजिनीअर अँगलसी बेटावरच्या आपल्या शेतावर एक जुनी लष्करी जीप वापरायचा. तिला पर्याय म्हणून त्यानं जी गाडी काढली ती लँड रोव्हर. 1948 साली ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती लोकांपुढं आली. पोलादावर रेशन होतं म्हणून बॉडी ॲल्युमिनियमची. आज शहरात ज्या गाड्यांना एसयूव्ही म्हणून मिरवतात, त्यांची आजी-पणजी अशी शेणामातीत वाढलेली आहे. हे मी पुतण्याला सांगितलं तेव्हा तो हसला, पण खोटं काही नाही.

भारतात महिंद्रांनी 1949 ला मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात केली. सुटे भाग बाहेरून यायचे, जोडणी इथं. पुढं गाडी हळूहळू इथलीच झाली आणि ग्रामसेवकापासून फौजदारापर्यंत सगळ्यांच्या बुडाखाली आली. मग लांब जीपा आल्या, ट्रॅक्स आली, 1994 ला सुमो आली, 2000 ला बोलेरो. आणि या गाड्यांनी खेड्यात जो धंदा उभा केला त्याचं नाव वडाप. मराठवाड्यात काळी-पिवळी म्हणतात. एसटी जिथं दिवसातून दोनदा, तिथं वडाप दर अर्ध्या तासाला. प्रत्येक वडापच्या टपावर गावच्या वेल्डरनं बनवलेलं कॅरिअर. आधी त्यावर माळव्याच्या पाट्या चढल्या, मग दुधाचे कॅन, मग माणसं.

माणसं टपावर बसली हा आपल्या ग्रामीण वाहतुकीचा काळा भाग आहे, आणि तो विसरून कॅरिअरबद्दल बोलायचं मला जमत नाही. बाजाराच्या दिवशी आत चौदा, मागं लोंबलेले चार, वर सहा असं चित्र माझ्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलं आहे. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 123 टपावर, बॉनेटवर, फूटबोर्डवर बसून जायला सरळ मनाई करतं. पण कायदा पुस्तकात आणि बाजार रस्त्यावर. गाडी उलटायला खड्डा लागत नाही, वळण पुरतं. वर 60-70 किलोची सहा माणसं म्हणजे चारशे किलो, आणि ते सगळं चाकांपासून सहा फूट उंचीवर. वळणावर गाडीचं बूड एकीकडं आणि डोकं दुसरीकडं जातं. पालाण बांधणाऱ्या बंजाऱ्यानं हे पहिल्या नजरेत ओळखलं असतं.

यावरूनच कंपनीवाले गाडीच्या पुस्तकात छताला किती वजन चालेल ते लिहितात. बहुतेक गाड्यांना ते 50 ते 100 किलोच्या दरम्यान असतं, आणि त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. इथंच बऱ्याच जणांचा हिशोब चुकतो. एक इंची चौकोनी पाईप, 16 गेजचा, मीटरला साधारण सव्वा किलो भरतो. सहा बाय चारचं दोन कठड्यांचं कॅरिअर करायला 25 मीटर पाईप सहज लागतो. म्हणजे रिकामं कॅरिअरच 30 किलोचं. त्यावर स्टेपनी टाकली की 20 किलो आणखी. मग युरियाची एक 45 किलोची गोणी ठेवली की तुम्ही मर्यादेच्या काठावर. आणि आपण काय एकच गोणी ठेवणार का? हे आकडे चालत्या गाडीचे. उभ्या गाडीचं छत याच्या कितीतरी पट पेलतं. म्हणून तर टपावर तंबू टाकून झोपता येतं.

हो, टपावर तंबू. शिबिराला, अभ्यास दौऱ्याला जाणारे कृषी खात्यातले दोन-तीन मित्र हल्ली याचं फार विचारतात. ही कल्पनाही नवी नाही. पूर्व जर्मनीत ट्रबँट नावाची प्लॅस्टिकसारख्या बॉडीची इवलीशी गाडी होती, तिच्या टपावर घडीचा तंबू टाकून लोक कुटुंबासकट सुट्टीला जायचे. मुद्दा तोच. तंबू उघडतो तेव्हा गाडी उभी असते. चालताना वर फक्त घडी केलेल्या तंबूचं वजन.

लांबच्या प्रवासाची सगळ्यात गाजलेली स्वारी म्हणजे 1955 ची. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन विद्यापीठांची सहा पोरं दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून निघाली ती थेट सिंगापूरला. एका गाडीचं नाव ऑक्सफर्ड, दुसरीचं केंब्रिज. वाटेत आपला देश आडवा ओलांडून, आसामातल्या लेडोहून युद्धात बांधलेल्या आणि नंतर जंगलानं खाल्लेल्या रस्त्यानं ब्रह्मदेशात. सप्टेंबरात निघाले आणि मार्च 1956 मध्ये पोचले. त्यांनी काढलेली फिल्म बीबीसीनं दाखवली, टिम स्लेसर या त्यांच्यातल्याच एकानं पुस्तक लिहिलं. टपावर सामान रचलेल्या गाडीचं जे चित्र आज जगभर भटक्यांच्या डोक्यात आहे, ते पक्कं करण्यात या स्वारीचा मोठा वाटा. त्यातली ऑक्सफर्ड गाडी पुढं सेंट हेलेना बेटावर सापडली, दुरुस्त केली आणि 2019 ला उलट वाटेनं सिंगापूरहून लंडनला चालवत नेली. चौसष्ट वर्षांची गाडी! आपल्याकडं पंधरा वर्षं झाली की पासिंगला बोंब.

पण मला त्याआधीचा एक माणूस जास्त भावतो. राल्फ बॅगनोल्ड. इंग्रजी फौजेतला इंजिनीअर, 1920-30 च्या दशकांत साध्या फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात हिंडला. पुढं 1940 ला त्यानंच लाँग रेंज डेझर्ट ग्रुप ही लष्करी तुकडी उभी केली. वाळूत चाक रुतू नये म्हणून यानं गाडीवर काही वाढवण्याआधी गाडीवरचं उतरवलं. दारं काढली, काच काढली, छत काढलं. ठेवलं ते पाणी, पेट्रोल, रुतल्यावर चाकाखाली घालायच्या लोखंडी पट्ट्या, आणि रेडिएटरची वाफ वाया जाऊ नये म्हणून एक डबा, ज्यात ती थंड होऊन परत पाणी व्हायची. आपल्याकडं गाडी नटवणारे आधी काय लावायचं ते विचारतात. बॅगनोल्डसारखं आधी काय काढायचं ते विचारणारा एकही गिऱ्हाईक पाहिला नाही, असं आमचा फॅब्रिकेशनवाला म्हणतो. आणि तो गेली वीस वर्षं हेच काम करतोय.

ओझ्याचं झालं. आता दिव्याचं, कारण भांडण खरं तिथं आहे.

पुतण्यानं सेकंडहँड बोलेरो घेतली तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाला, "आप्पा, टपावर लाईटबार टाकायचा. बैलाला झूल असती तसं." त्याची एक बाजू खरी आहे. आपल्याकडं शेतीची लाईट पाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. कुकडीची धरणं झाली, पाटाला पाणी आलं, उसाची राने झाली, आणि उसात बिबट्या राहायला आला. रात्री दोनला मोटर चालू करायला जाणाऱ्या माणसाच्या हातात बॅटरी, काठी, खिशात मोठ्यानं वाजणारा मोबाईल. त्याला गाडीचा उजेड म्हणजे चैन वाटत नाही. त्यामुळं लाईट लावू नको असं मी त्याला म्हणालो नाही. कुठं लावायची, एवढंच बोलणं झालं.

आता जुनी बैलगाडी आठवा. कंदील कुठं असायचा? गाडीच्या खाली, दांडीला बांधलेला, दोन चाकांच्या मधे झुलत. लहानपणी मला वाटायचं की वर बांधला असता तर लांबचं दिसलं असतं. पण उजेड खालून, जमिनीला घासून आला की चाकोरीतल्या प्रत्येक खड्ड्याची, दगडाची लांब सावली पडते आणि बारीक उंचवटासुद्धा कळतो. तोच उजेड वरून टाकला की सावली खड्ड्यातच दडते आणि रस्ता सपाट दिसतो. सकाळी कोवळ्या उन्हात रानातल्या सऱ्या कशा ठळक दिसतात, आणि बाराच्या उन्हात तेच रान कसं एकसारखं दिसतं, ते आठवा. हाच तो नियम.

दुसरं, टपावरचा दिवा आपल्याच बॉनेटवर पडतो आणि चमक डोळ्यात येते. धुळीत किंवा पहाटेच्या धुक्यात तर डोळ्यांपुढंच पांढरी भिंत उभी राहते, कारण उजेड आणि डोळे जवळजवळ एकाच उंचीवर. धुक्याचे दिवे सगळ्या कंपन्या बंपरमधे, खाली देतात, ते उगाच नाही. पूर्व आफ्रिकेत 1953 पासून सफारी रॅली चालायची, चिखल आणि धुळीतली शर्यत. तिथल्या गाड्यांच्या फोटोंत दिवे बघा, बहुतेक बंपरजवळ किंवा बॉनेटच्या तोंडाला असतात.

तिसरं समोरच्याचं. ही गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. चार वर्षांमागं, गळीत हंगामात, माघाची थंडी. ऊसतोडणीवाल्यांची बैलगाडी कारखान्याकडं निघालेली, नवरा जुवावर, बायको वर उसावर, पोर तिच्या मांडीवर. समोरून एक जीप आली, टपावर हातभर लांबीचा एलईडी बार पूर्ण चालू. बैल आंधळे झाले. बैलाला डिपर काय कळणार? डावा बैल बुजला, गाडी चारीच्या काठावर गेली, एक चाक खाली. मोळ्या सुटल्या, बाई घसरत खाली आली. नशीब पाणी नव्हतं चारीला. पोराला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही, पण बैलाचा खुबा निखळला. तोडणीवाल्याचा बैल म्हणजे त्याचा हंगाम, आणि हंगामाची उचल त्यानं आधीच घेऊन खर्च केलेली. जीपवाला थांबलासुद्धा नाही. गावानं वर्गणी करून डॉक्टर आणला. तो बैल पुन्हा जुवाखाली गेला नाही.

हे पुतण्याला सांगितलं तेव्हा तो गप्प झाला. मग नियम काढून वाचले. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की आरसीवर जी गाडी नोंदली आहे तिच्यात कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल मालकानं करू नयेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांत पुढच्या अंगाला स्पॉटलाईट, सर्चलाईट परवानगीशिवाय चालत नाही. म्हणजे टपावर पुढं तोंड केलेला बार रस्त्यावर लावणं हे दंडाचं काम आहेच. विम्याचा दावा करायची वेळ आली तर तिथंही बोट ठेवायला जागा मिळते.

आम्ही केलं ते असं. पुढं काही नाही. कॅरिअरच्या डाव्या आणि मागच्या अंगाला दोन कामाचे दिवे, 20 वॅटचे एलईडी, खाली तोंड करून. गाडी बांधावर उभी केली की हे चालू करायचे. स्टार्टरपेटीपर्यंतची वाट, विहिरीचा काठ, उसाची कड उजळते. क्रेट भरताना मागचा दिवा उपयोगी. गाडी चालताना दोन्ही बंद आणि वर कापडी टोपण. इथं मात्र उंचीचा फायदा आहे, कारण उभ्या गाडीजवळ सावली नको असते.

दिव्यांच्या वायरिंगबद्दल थोडं, कारण गाड्या जळतात त्या इथं. पूर्वी 55 वॅटचे हॅलोजन फोकस लावायचे. दोन लावले की 110 वॅट, 12 व्होल्टला भागा, साधारण 9 अँपिअर. हा करंट थेट डॅशबोर्डच्या बटणातून नेला तर बटण वितळतं. मधे रिले पाहिजे आणि बॅटरीच्या तोंडाशी फ्यूज पाहिजे. एलईडीनं करंट उतरला, पण फ्यूज तरीही पाहिजेच. एलईडी स्वस्त झाला त्याच्या मागं जपानची कहाणी आहे. लाल-हिरवा एलईडी जुना, निळा जमत नव्हता, आणि निळ्याशिवाय पांढरा उजेड होत नाही. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी तो जमवला, त्याबद्दल 2014 चं नोबेल मिळालं. आज आपल्या गोठ्यातला बल्ब त्यांच्यामुळं आहे.

राहिलं ऊन. टपावर हक्कानं कुणी राहावं तर ते सोलर पॅनलनं.

सिलिकॉनचं पहिलं कामाचं सोलर सेल 25 एप्रिल 1954 ला अमेरिकेतल्या बेल लॅबनं लोकांना दाखवलं. चापिन, फुलर आणि पियर्सन हे तिघं त्यामागं. पडलेल्या उन्हातला साधारण 6 टक्के भाग वीज व्हायचा. आज बाजारातली चांगली पॅनलं 20 टक्क्यांच्या वर आहेत. 1958 ला व्हॅनगार्ड-1 या उपग्रहावर ती चढली, म्हणजे सोलर आधी आकाशात गेलं आणि मग आपल्या विहिरीवर आलं. वाहनाच्या पाठीवरचं मोठं नाव म्हणजे हान्स थोलस्ट्रप आणि लॅरी पर्किन्स. त्यांनी 1982 च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियात पर्थहून सोलरवर चालणारी गाडी काढली आणि वीस दिवसांत चार हजार किलोमीटरवरचं सिडनी गाठलं. गाडीचं नाव क्वाएट अचिव्हर. टपावर ऊन आणि खाली मोटर, पेट्रोलचा थेंब नाही.

आमचं पॅनल 100 वॅटचं, काचेचं, वजन सात किलोच्या आसपास. हिशोब असा. आपल्याकडं चांगल्या उन्हाचे दिवसाला पाच तास धरा, म्हणजे कागदावर 500 वॅट-तास. पण पॅनल टपावर आडवं, धूळ, वायरीतली गळती, उष्णता, सगळं जाऊन 350 हातात येतात. पाठीवरच्या फवारणी पंपाची बॅटरी 12 व्होल्ट 8 अँपिअर-तासाची, म्हणजे 96 वॅट-तास. चार्ज करतानाचं नुकसान धरून 115 लागतात. म्हणजे दिवसाला तीन बॅटऱ्या. लांबच्या वावरात, जिथं घर नाही आणि लाईटची पाळी रात्रीची, तिथं फवारणी अर्ध्यावर सोडून घरी यावं लागायचं. डाळिंबावर किंवा टोमॅटोवर फवारा अर्धा आज आणि अर्धा उद्या, याचा परिणाम काय होतो ते तुम्हाला सांगायला नको. आता एक पंप चालू असतो, दुसऱ्याची बॅटरी गाडीत चार्ज होते. इन्व्हर्टर लावलेला नाही. 12 व्होल्टचं काम 12 व्होल्टवरच करायचं, उगाच 230 करून परत खाली आणण्यात वीज जाते.

पॅनल आणि टप यांच्यामधे तीन बोटं जागा सोडली आहे, आणि यालाही इतिहास आहे. उष्ण देशांत जाणाऱ्या जुन्या लँड रोव्हरना दुहेरी छत असायचं. मूळ छतावर बोटभर अंतर ठेवून दुसरा पत्रा. ऊन वरच्या पत्र्यानं खायचं, मधून वारा जायचा, आतला माणूस भाजायचा नाही. आपलं पॅनल तोच दुसरा पत्रा. पॅनललाही वारा हवा असतो, कारण त्याची क्षमता 25 अंशांवर मोजलेली असते आणि वर प्रत्येक अंशाला सुमारे 0.4 टक्का उतरते. एप्रिलात काच 65 अंशांवर गेली की 40 अंश जास्त, म्हणजे 16 टक्के गेले. पत्र्याला चिकटवून बसवलं तर आणखी. त्यामुळं चिकटवायची लवचीक पॅनलं दिसायला छान असली तरी मी घेतली नाहीत.

कॅरिअर आम्ही हलकं केलं. दोन कठडे आणि दहा आडव्या पट्ट्यांऐवजी एकच कठडा आणि चार पट्ट्या. चौदा मीटर पाईप लागला, सतरा किलो वजन. पॅनल, दिवे, नट-बोल्ट धरून सगळं 27 किलोच्या आत. वर पाण्याचा कॅन नाही, स्टेपनी नाही, गोणी नाही. 20 लिटरचा भरलेला कॅन 20 किलोच्या पुढं जातो, तो सीटच्या मागं, खाली, बांधून. ताडपत्री, दोर, टिकाव-फावडं आणि मुक्कामाचा तंबू वर चालतो, कारण ते हलकं आहे आणि भिजलं तरी बिघडत नाही. दोन्ही अंगांना वाटून बांधायचं. रबरी हूक वापरू नका, वाऱ्यानं सुटतात. सुतळी नको, नायलॉन दोर किंवा कडीचा पट्टा घ्या. आणि दहा किलोमीटरवर थांबून एकदा ओढून बघा. पहिल्या दहा किलोमीटरात बांधलेलं सगळं बसतं आणि दोर ढिला होतो, हे कडबा भरणाऱ्या कुणालाही विचारा.

वायर आत घेताना छताला भोक पाडलं नाही. मागच्या दाराच्या रबरातून आणली, खाली एक झोळ देऊन, म्हणजे पाणी वायरीवरून आत न येता झोळाच्या तळाशी टपकतं. चार्ज कंट्रोलर सीटखाली, हवेशीर. बॅटरी वेगळी ठेवली आहे, गाडीच्या बॅटरीला हात लावलेला नाही. म्हणजे रात्रभर दिवे चालले तरी सकाळी गाडी धक्का मागत नाही.

खर्चाचं विचारलं होतं. दर महिन्याला बदलतात, तेव्हा मी आकडा देत नाही. पाईप वजनावर घ्या, मजुरी वेगळी ठरवा, आणि वेल्डिंग झाल्यावर रेडऑक्साईडचे दोन हात मागं उभं राहून मारून घ्या. कंट्रोलर मात्र स्वस्तातला घेऊ नका. पॅनल पुसायला ओलं फडकं, पहाटे, काच गार असताना. तापलेल्या काचेवर विहिरीचं पाणी मारलं की तडा जाऊ शकतो.

पुढच्या नोंदीत परत टोमॅटो. नागअळीनं यंदा लवकर तोंड काढलं आहे.